धागा: एकच शुक्रवार, मेक्सिको सिटी. आधी लुचा की आधी मेस्काल?

तिखटमीठ
मंडळी, मेक्सिको सिटीत एकच शुक्रवारची संध्याकाळ हातात आहे. चौघं आहोत. एकाला लुचा, म्हणजे तिथली मुखवटेवाली कुस्ती बघायची आहे, एकाला मेस्काल ही तिथली दारू प्यायची आहे, एकीला नाचगाणं हवं आहे. चौथा शाकाहारी, दारू न पिणारा, त्याला फक्त सुखरूप हॉटेलवर परत यायचं आहे. क्रम कसा लावू? तिकिटं आधी काढू की दारावर?
आणि एक शंका, चिडू नका. निकाल आधीच ठरलेला असतो म्हणे. मग आपल्या भाषेत ही नुरा कुस्तीच की! त्यासाठी अडीच तास घालवावेत का?

नळस्टॉप_९
क्रम सोपा आहे. पुल्के दुपारी, लुचा रात्री साडेआठला, मेस्काल अकरानंतर, टाको सगळ्यात शेवटी.
उलटं का नको? मेस्काल ४५ ते ५० टक्क्यांची असते. ती आधी घेऊन आरेनात, म्हणजे कुस्तीच्या सभागृहात गेलात की तिथे बिअरचे मोठे ग्लास जागेवर येत राहतात, आणि तिसऱ्या लढतीपर्यंत डुलक्या सुरू. शिवाय शहर २,२४० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळपास ६०० मीटर उंच. विमानातून उतरल्या दिवशी तर जपूनच, झोप आणि पाणी दोन्ही कमी पडतात.
शुक्रवारचा कार्यक्रम आरेना मेहिकोत, रात्री साडेआठला. पाच-सहा लढती, सुटायला साधारण अकरा.

डबलडेकर
+१. फक्त टाको शेवटी *सुद्धा*. आधीही पोटात काहीतरी हवंच.

खिडकीपाशी
तिकिटांबद्दल: नेहमीच्या शुक्रवारी खिडकीवर सहज मिळतात. सप्टेंबरातला वर्धापनदिनाचा कार्यक्रम असेल तर मात्र आधी ऑनलाइन काढा, तेव्हा गर्दी खरी असते. खिडक्या दोक्तोर लाविस्ता रस्त्यावर, दर्शनी बाजूलाच आहेत. त्या गाठायच्या आधी वाटेत चारपाच जण "तिकीट, तिकीट" म्हणत आडवे येतील. ते काळाबाजारवाले. त्यांच्याकडे "रिंगसाइड" म्हणून मिळणारी जागा कधी कधी खांबामागची किंवा पार मागची असते. सरळ चालत राहा.
हॉटेलमध्ये "लुचा टूर" विकतात, त्यात तिकीट, एक मुखवटा, एक बिअर आणि गाइड असतो. स्पॅनिश अजिबात येत नसेल आणि पहिलीच वेळ असेल तर वाईट नाही, पण पैसे दुपटीच्या पुढे जातात.
आत जाताना झडती होते, पुरुष आणि बायकांच्या रांगा वेगळ्या. बाटली आणि मोठा कॅमेरा आत नेऊ देत नाहीत, फोन चालतो. जागेपर्यंत जो माणूस सोडतो त्याला थोडी बक्षिसी द्यायची असते. हा माणूस टाळता येत नाही, जागा दिसत असली तरी तो पुढे चालणारच. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा.

कवठेमहांकाळकर
जागा कुठली घ्यायची ते कुणी बोललंच नाही. पहिल्या तीन रांगा किंवा मग सरळ वरचा चढता भाग. खालचा भाग बराचसा सपाट आहे, त्यामुळे सहाव्या-सातव्या रांगेत बसलं की रिंगणापेक्षा पुढच्याच्या डोक्यावरचा मुखवटाच जास्त दिसतो. पैसे जास्त आणि दर्शन कमी.
लुचाची निम्मी मजा हवेत असते. दोरांवरून बाहेर उडी मारणारा माणूस वरून बघितला तर त्याचा पूर्ण मार्ग कळतो.

गूळपोळी
असहमत. पहिल्या रांगेत छातीवर बसलेल्या चपराकीचा आवाज *ऐकू* येतो. तो वर पोचत नाही. आणि रूदो प्रेक्षकांशी भांडायला येतो तो पहिल्या रांगेपाशीच.

कवठेमहांकाळकर
पहिली रांग मीही म्हटलीच आहे, ताई. भांडण सातव्या रांगेचं आहे.
बाकी पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी ग्लास पायाशी ठेवू नये आणि पिशवी मांडीवर नको. माणूस अंगावर येणार असेल तर कर्मचारी हातवारे करून उठवतात, तेव्हा लगेच उठायचं. व्हिडिओ घेत बसायचं नाही.

तिखटमीठ
रूदो म्हणजे?

कवठेमहांकाळकर
थोडं सविस्तर लिहितो, हे कळल्याशिवाय तिथे बसणं म्हणजे नियम न कळता क्रिकेट बघणं.

दोन बाजू. तेक्निको म्हणजे नियमाने खेळणारे, उड्या मारणारे, लाडके. रूदो म्हणजे दांडगे: पंचाची पाठ वळली की मुखवटा ओढणार, तिघं मिळून एकाला धरणार. पोस्टरवर कुठली जोडी कुठल्या बाजूची ते आधीच ठरलेलं असतं. पब्लिक मात्र दोघांचंही असतं, आणि खास रूदोंसाठी घसा फोडणारे लोक आरेनात कायम असतात.

मुख्य लढती बहुतेक तीन विरुद्ध तीन, तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळेची मर्यादा नाही. प्रत्येक संघाला कप्तान. डाव जिंकायला एकतर कप्तानाला चीत करा, नाहीतर उरलेल्या दोघांना. अमेरिकी कुस्ती बघून आलेल्यांचा गोंधळ इथे होतो: हातावर टाळी देऊन आत यायची गरज नाही. आपला गडी रिंगणाबाहेर पडला की जोडीदार आपोआप आत येऊ शकतो. म्हणून एवढी पळापळ दिसते.

डाव जातो तो मुख्यतः तीन गोष्टींनी: समोरच्याचा मुखवटा काढला, कमरेखाली मारलं, किंवा मार्तिनेते केलं, म्हणजे माणसाला उलटा धरून डोकं जमिनीवर आपटणं. हा शेवटचा प्रकार मानेसाठी खरोखर धोक्याचा म्हणून बंदी.

वेगळी म्हणजे विजेची लढत: एकास एक, एकच डाव, दहा मिनिटं. नवख्याला सगळ्यात लवकर कळते ती हीच.

अर्धीपोळी
वाचनखूण साठवली आहे. अजून येऊ द्या.

दोनशेरुपयेकिलो
तीन गडी, कप्तान, पंचाची पाठ वळली की मागून वार. हे कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत फुकट बघायला मिळतं.

वेंगुर्लेकर_२
नुरा कुस्तीच्या शंकेवर. निकाल ठरलेला असतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दशावतारात राक्षस मरणार हे ठाऊक असूनही रात्री दोन वाजता माणसं मांडी घालून बसतातच ना? राक्षसाची एन्ट्री कशी झाली, ओरडला कसा, युद्धाचा नाच किती वेळ ओढला, यावर दुसऱ्या दिवशी चर्चा. रूदोचं काम तेच.
खासबागेतल्या लाल मातीशी याची तुलना केली की दोन्हीवर अन्याय होतो.

कवठेमहांकाळकर
बरोबर, पण "ठरलेलं" म्हणजे "दुखत नाही" असं नाही. तोपे सुइसिदा बघा: गडी रिंगणात पळत येतो, वरच्या आणि मधल्या दोरांच्या फटीतून डोकं पुढे करून बाहेर झेपावतो. बाहेरचा माणूस मार खातो असं दिसतं. खरं म्हणजे तो *झेलतो*. पाय रोवून, छाती पुढे, हात उडी मारणाऱ्याच्या काखेखाली. तो अर्धं पाऊल मागे सरकला तर उडी मारणारा तोंडावर जमिनीवर. पुढे आला तर डोकं त्याच्या बरगडीत. आणि उडी मारणाऱ्याचा पाय मधल्या दोरात अडकला तर दोघांच्याही हातात काही राहत नाही. पुढच्या वेळी उडी मारणाऱ्याकडे बघू नका, झेलणाऱ्याच्या पायांकडे बघा. चांगला रूदो ओळखायची ती जागा.
रिंगणाच्या जमिनीखाली लाकडी फळ्या असतात, वर पातळ गादी. आवाज मोठा येतो, मऊपणा फार नाही.
आणखी एक खूण: मेक्सिकोत पकडी बहुतेक उजव्या अंगाला लावतात, अमेरिकेत डाव्या. दोन देशांचे गडी पहिल्यांदा समोरासमोर आले की सुरुवातीला अडखळतात ते यामुळेही.

खिडकीपाशी
व्यावसायिक परवान्यासाठी तिथे कुस्तीच्या कमिशनची परीक्षा द्यावी लागते. जमिनीवरची कुस्ती आली पाहिजे, नुसत्या उड्या चालत नाहीत.

गूळपोळी
मुखवट्याबद्दल कुणीतरी लिहा, नाहीतर मीच लिहिते.

ठीक, मीच. मुखवटा हरणं म्हणजे काय ते समजून घ्या. पैजेच्या लढतीत मुखवटा विरुद्ध मुखवटा, किंवा मुखवटा विरुद्ध केस. हरलेल्याने तिथेच रिंगणात मुखवटा काढायचा, आपलं खरं नाव, गाव आणि किती वर्षं या धंद्यात आहे ते सांगायचं. त्या नावाने पुन्हा मुखवटा घालायचा नाही. १७ मार्च २००० ला आरेना मेहिकोत आत्लांतिसने बियानो तिसऱ्याचा मुखवटा घेतला, त्या लढतीचं नाव आजही जुने लोक घेतात. आणि एल सांतो, चंदेरी मुखवट्याचा, १९८४ साली वारला तो मुखवट्यासकटच पुरला गेला.
पहिला मुखवटा मात्र एका चांभाराने शिवला, १९३० च्या दशकात. चामड्याचा होता, मापं घेऊन केलेला. नंतर मऊ, ताणणारी कापडं आली.

बाहेर फुटपाथवर टपऱ्या आहेत. स्वस्तातला मुखवटा म्हणजे पातळ कापड, त्यावर छापलेली नक्षी. तो फोटोपुरता. थोडा बरा हवा असेल तर उलटा करून बघा: डोळ्यांभोवतीची नक्षी वेगळ्या तुकड्याची, दुहेरी शिलाईची आहे का, आत अस्तर आहे का, मागे नाडी ओवायची भोकं मजबूत केलेली आहेत का. नाडी खालून वर नाही, वरून खाली आवळत यायची, नाहीतर डोळ्यांची भोकं गालावर सरकतात. कार्यक्रम संपल्यावर भाव उतरतो, पण चांगले मुखवटे तोवर गेलेले असतात.
मुखवटा घालून अडीच तास बसायचा विचार असेल तर विसरा. दुसऱ्या लढतीत घाम डोळ्यांत.

सान्होजेची_सून
मुखवटा घालून बिअर कशी पितात?

गूळपोळी
तोंडाला भोक असतं हो. बशी-कप मात्र जमणार नाही.

अर्धीपोळी
बायकांनी जावं का? म्हणजे वातावरण कसं असतं?

सान्होजेची_सून
बिनधास्त. आजी-नातवंडं येतात. नातवंडं गप्प असतात, आजी शिव्या घालतात. रविवारी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम जास्त घरगुती. शिव्या मात्र भरपूर, स्पॅनिश येत असेल तर मुलांचे कान सांभाळा.
बायकांच्या लढतीही बघाच. राजधानीत बायकांच्या कुस्तीवर कित्येक वर्षं बंदी होती, ती १९८६ मध्ये उठली. आज त्या लढतींना टाळ्या कमी नसतात.
एखादी लढत फारच रंगली तर प्रेक्षक रिंगणात नाणी-नोटा फेकतात. तो राग नसतो, दौलतजादा समजा.

वेंगुर्लेकर_२
दौलतजादा! शब्द चपखल.

डबलडेकर
आता दारूकडे वळूया का? धाग्याच्या नावात मेस्काल आहे आणि साताठ जण कोरडेच लिहीत सुटलेत.

नळस्टॉप_९
घ्या.

मेस्काल म्हणजे अगावेपासूनची दारू. अगावे म्हणजे आपलं घायपात, बांधाला लावतात आणि ज्याच्या पानांचे दोर वळतात त्याच कुळातलं. टकीला हीसुद्धा एका अर्थी मेस्कालच, पण ती फक्त निळ्या अगावेची आणि हालिस्को व आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागातली. टकीलाच्या बाटलीवर "शंभर टक्के अगावे" लिहिलेलं नसेल तर त्यात ४९ टक्क्यांपर्यंत दुसरी साखर असू शकते. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीचा आळ उगाच टकीलावर येतो.

मेस्कालची पद्धत: झाडाची पानं तासून मधला गड्डा काढतात, दिसायला अननसासारखा, म्हणून नाव पीन्या. जमिनीत खड्डा, तळाशी लाकडं पेटवून त्यावर दगड तापवायचे, वर गड्डे रचायचे, मातीने झाकायचं, तीन ते पाच दिवस. धुराची चव येते ती इथे. मग घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली चेचायचं, लाकडी पिंपात हवेतल्याच यीस्टवर आंबवायचं, दोनदा गाळायचं. एस्पादीन जातीच्या साधारण दहा किलो गड्ड्यातून एक लिटर निघते, आणि ते झाड तयार व्हायला सहा-आठ वर्षं. तेपेस्ताते नावाची जात वीस-पंचवीस वर्षं घेते. म्हणून तिचा पेला महाग, त्यात फसवणूक नाही.

बाटलीवर तीन पायऱ्या असतात: नुसतं "मेस्काल", "आर्तेसानाल" आणि "आंसेस्त्राल". शेवटच्यात मातीच्या भांड्यांतून गाळणं बंधनकारक. चांगल्या बाटलीवर झाडाची जात, गाव, करणाऱ्याचं नाव आणि टक्केवारी छापलेली असते. यातलं काहीच नसेल आणि आत अळी तरंगत असेल तर ती पर्यटकांची बाटली.

वेंगुर्लेकर_२
म्हणजे पहिल्या गाळणीला हुर्राक आणि दुसऱ्या गाळणीला फेणी, तसंच. मेस्कालच्या पहिल्या गाळणीला तिथे ओर्दिनार्यो म्हणतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मेस्कालला तसं संरक्षण १९९४ पासून आहे.
फरक एकच: काजू दर वर्षी फळतो. अगावे एकदाच. गड्डा काढला की झाड संपलं.

नळस्टॉप_९
अगदी. आणि दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून दारू करण्याचा उद्योग इथेही झालाच आहे. डेस्मंडजी नावाचा ब्रँड, २०११ पासून. टकीला म्हणता येत नाही म्हणून नुसतं अगावे लिहितात.

दोनशेरुपयेकिलो
आजोबांनी आयुष्यभर बांधावरचं घायपात तोडून दोर वळले. एवढी मोठी चूक घराण्यात कुणी केली नसेल.

तिखटमीठ
प्यायची कशी? मीठ चाटून, लिंबू चोखून, एका घोटात?

नळस्टॉप_९
अजिबात नाही! ते टकीलाचं पर्यटकी नाटक. मेस्काल ओठ भिजवण्यापुरती घ्यायची. तिथे "बेसितोस" म्हणतात, म्हणजे छोटे मुके. पहिला घोट जिभेला चटका देतो, तो मोजायचा नाही. दुसऱ्यापासून चव.
पेला साधारण ४५ ते ६० मिलीचा. हिशेब करा: ४८ टक्क्यांची ५० मिली म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल. पाच टक्के बिअरची ३५५ मिलीची बाटली म्हणजे पावणेअठरा. एक पेला म्हणजे जवळपास सव्वा-दीड बिअर. दोन पेले, दीड तास, मध्ये पाणी. तिसऱ्याचा विचार दुसरा संपल्यावर करायचा.
बरोबर संत्र्याच्या फोडी आणि लालसर मीठ येतं.

जोर तपासायची जुनी पद्धतही मागून बघा, काही ठिकाणी हौसेने दाखवतात. पोकळ बोरूने मेस्काल ओढून वरून वाटीत सोडतात. वर मोत्यांसारखे बुडबुडे येतात. ४५-५० टक्क्यांच्या आसपास ते बारीक, एकसारखे येतात आणि कडेला गोळा होऊन थांबतात. पाणी जास्त असेल तर लगेच फुटतात. फार कडक असेल तरीही टिकत नाहीत. गाळणारा याच मोत्यांवरून ठरवतो की कुठे थांबायचं.

अर्धीपोळी
लाल मीठ शाकाहारी असतं ना?

खिडकीपाशी
नाही!!! चौथ्या मित्राला सांभाळा. ते "साल दे गुसानो". अगावेवर वाढणाऱ्या अळ्या भाजून, वाळवून, मिरची आणि मिठाबरोबर वाटतात. आणि "पेचुगा" नावाची मेस्काल मागवू नका, गाळताना भांड्यात कोंबडीचं कच्चं मांस टांगतात, फळांबरोबर.

दोनशेरुपयेकिलो
म्हणजे दारू पिऊन उपास मोडत नाही, मिठाने मोडतो.

खिडकीपाशी
शाकाहाराबद्दल एकदाच लिहिते.
केसादिया (सारण घालून दुमडलेली मक्याची पोळी) मागितली तर राजधानीत त्यात चीज *असेलच* असं नाही. "कोन केसो", म्हणजे चीज घालून, म्हणावं लागतं. यावर तिथलेच लोक एकमेकांशी भांडतात, आपण पडू नये. भोपळ्याच्या फुलांची (फ्लोर दे कालाबासा), मक्यावरच्या काळ्या बुरशीची (वित्लाकोचे) किंवा फड्या निवडुंगाची (नोपालेस) मागा. तिन्ही उत्तम. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, "मान्तेका?" असं विचारायचं. शेंगदाण्यांवर आणि बियांवर आरेनात वेळ निघतो. तिथे तयार नूडल्सचे कपही विकतात, त्यांचा मसाला मात्र शाकाहारी धरू नका.
न पिणाऱ्याने आगुआ दे हामाइका मागावं. लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत. रंग बघून कुणी "घेत नाही का?" विचारत नाही, हा वरचा फायदा.

सान्होजेची_सून
बर्फाबद्दल: बारमधला नळीसारखा, मध्ये भोक असलेला बर्फ शुद्ध पाण्याचा, कारखान्यातला असतो. नळाचं पाणी मात्र पिऊ नका.

डबलडेकर
पुल्के राहिली. नळस्टॉप यांनी पहिल्याच ओळीत लिहून सोडून दिली.

नळस्टॉप_९
पुल्के म्हणजे तिथली ताडी. मोठं अगावे फुलायच्या बेताला आलं की मधला कोंब काढून खळगा करतात, त्यात रस जमतो. तो गोड असतो, आपल्या नीरेसारखा. दिवसातून दोनदा काढायचा. आंबला की पुल्के: पांढरी, बुळबुळीत, चार ते सहा टक्के. आंबणं थांबतच नाही म्हणून बाटलीत टिकत नाही, डब्यातली घेऊ नका. बुळबुळीतपणा पहिल्यांदा नकोसा वाटतो. म्हणून नवख्याने "कुरादो" घ्यावी, पेरू किंवा ओटची, फळ घालून घोटलेली. ओवा-कोथिंबिरीच्या जवळची चव आवडत असेल तर सेलेरीची. अर्धा लिटर पुरे, पोट फुगतं.
सान हुआन बाजाराजवळ लास दुएलिस्तास नावाची जुनी पुल्केरिया आहे, भिंतींवर जुन्या देवांची रंगीत चित्रं. दुपारी जा, रात्री उशिरापर्यंत उघडी नसते. तिथून आरेना गाडीने पाच-दहा मिनिटं.

कवठेमहांकाळकर
तिथेच जवळ लुइस मोया रस्त्यावर माजी लुचादोर (लुचाचा मल्ल) सुपर आस्त्रोचं तोर्ताचं, म्हणजे भरलेल्या पावाचं दुकान आहे, एल कुआद्रिलातेरो. भिंतीवर मुखवटे. ग्लादियादोर नावाचा सव्वा किलोच्या वरचा पाव, १५ मिनिटांत एकट्याने संपवला तर फुकट. चौघांत एक मागवा आणि पैसे द्या. साडेआठला आरेनात बसायचं आहे, हे विसरू नका.

दोनशेरुपयेकिलो
१५ मिनिटं तर आमच्याकडे पहिल्या पंगतीला वरणभात यायला लागतात.

सान्होजेची_सून
नाचाबद्दल कुणीच नाही बोललं. शुक्रवारी रोमा भागात साल्साच्या जागा उशिरापर्यंत चालू असतात, आरेनातून आवेनिदा कुआउतेमोक ओलांडली की रोमा सुरू. डान्सोन, म्हणजे जोडीने करायचा जुना संथ नाच, बघायचा असेल तर गुएर्रेरो वस्तीतलं सालोन लोस आंजेलेस, १९३७ पासूनचं, पण ते मंगळवार आणि रविवारी. म्हणून मी म्हणेन, जमत असेल तर कार्यक्रम मंगळवारी हलवा. लुचा मंगळवारीही असते.

खिडकीपाशी
शनिवार जमला तर आणखी वेगळी जोडी: आरेना कोलिसेओ, १९४३ ची, छोटी, नरसाळ्यासारखी. तिथे सातव्या रांगेचं भांडणच नाही, सगळ्या जागा जवळ. मग गारिबाल्दी चौकात मारियाची, म्हणजे पैसे घेऊन गाणारे-वाजवणारे ताफे. गाणं सांगायच्या *आधी* एका गाण्याचा भाव ठरवा आणि किती जण वाजवणार तेही. गाण्याच्या नावातला "ला" म्हणेपर्यंत बारा जण उभे राहतात. तेनाम्पा नावाचा बार १९२५ पासून तिथेच आहे, आत बसून ऐकणं सोयीचं.
कोलिसेओ ते गारिबाल्दी नकाशावर चालण्याएवढं दिसतं. रात्री चालू नका, गाडी करा. त्या पलीकडे तेपितो या बदनाम वस्तीची बाजू.

तिखटमीठ
शुक्रवारच, परतीचं विमान शनिवारी आहे. आणि परत कसं यायचं?

खिडकीपाशी
मेट्रो मध्यरात्री बंद होते. आरेनाजवळचं स्टेशन कुआउतेमोक, पाच-सातशे मीटर. लुचा अकराला सुटली तर मेट्रोने थेट हॉटेल शक्य आहे, मेस्कालनंतर नाही. पुढचे डबे बायका-मुलांचे असतात.
ॲपची गाडी आरेनाच्या दारात मागवू नका. दोक्तोर लाविस्ता गच्च भरतो, चालक रद्द करतो आणि पुन्हा मागवली की भाव वाढलेला. घोळक्याबरोबर आवेनिदा कुआउतेमोकपर्यंत चाला, तिथे मागवा. दोक्तोरेस या आरेनाभोवतीच्या वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत भटकू नका. रस्त्यावर हात करून टॅक्सी नको.
भाड्याची गाडी असेल तर चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. तपासणी नाके असतात, पकडला तर "एल तोरितो" म्हणून कोठडी आहे, २० ते ३६ तास, दंड भरून सुटका नाही. तुमचं शनिवारचं विमान गेलंच समजा.
टिप १० ते १५ टक्के, बिलात आधीच धरली आहे का ते बघून.

अर्धीपोळी
व्हिसा?

सान्होजेची_सून
अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. म्हणून आमच्याकडचे निम्मे लोक शनिवार-रविवार तिकडेच. जाण्याआधी वकिलातीच्या पानावर एकदा बघाच.
आणि बाटल्या आणणार असाल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त. विमानतळावर घेण्यापेक्षा शहरातल्या मेस्कालच्या दुकानातून घ्या, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत.

दोनशेरुपयेकिलो
घरी ग्रामोफोनजवळ ठेवा, देव्हाऱ्याजवळ नको. धुराचा वास येतो, सासूबाई उदबत्ती समजतील.

तिखटमीठ
सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतोय: चारला पुल्के (तिघं), हामाइका (एक). सहाला थोडं खाऊन आठला खिडकीवर. तिकिटं वरच्या चढत्या भागातली. अकराला चालत रोमा, दोन पेले, मग नाच, मग टाको. नुरा कुस्तीची शंका मागे घेतो, झेलणाऱ्याच्या पायांकडे बघतो.

कवठेमहांकाळकर
आठला खिडकीवर नको, साडेसातला. मुखवटा घ्यायचा आहे ना? आणि पहिल्या दोन लढती चुकवू नका, नवखी पोरं असतात, जमिनीवरची कुस्ती तिथेच नीट बघायला मिळते.

नळस्टॉप_९
टाको कुठे? बोलिवार रस्त्यावर लोस कोकुयोस, सुआदेरोचे (गोमांसाचे), उभ्यानेच खायचे. किंवा नार्वार्ते भागात एल विल्सीतो, दिवसा गॅरेज आणि रात्री टाको. पास्तोरचा (उभ्या सळीवर भाजत ठेवलेल्या डुकराच्या मांसाचा) मोठा गोळा वरपर्यंत भरलेला असेल तेव्हा जा, तळाशी आला की मांस कोरडं होतं. वरून अननसाची फोड उडवून टाकोत पाडतात, ती हात पुढे करून झेलू नका, त्यांना जमतं.

खिडकीपाशी
चौथ्या मित्राला तिथे काही मिळणार नाही. रोमातच त्याला कोन केसो खाऊ घाला.

गूळपोळी
मुखवटा घरी आणल्यावर थंड पाण्यात, हाताने. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटतो, पांढऱ्या बनियनबरोबर टाकू नका.